चिंता बसून करायची

आमच्या डिंडोलीच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या इंदूआक्का उभ्याने कधी चिंता करीत नसत. दुपारचा चहा झाला की त्या ओट्यावर बसत, कारखान्यातून आलेली साडी मांडीवर घेत आणि तिचे सुटे धागे कात्रीने कापता कापता मनातली सारी भीती मोठ्याने बोलून टाकत. साडीची घडी झाली की "आजनी सरनी" असे म्हणून उठत. इतर वेळी कोणी काळजीचा विषय काढला, तर त्यांचे अहिराणी उत्तर ठरलेले असे : "चिंता बठीसन करानी. उभी चिंता पायमा उतरस."

मी वरच्या मजल्यावरचा, धुळ्याहून आलेला निवृत्त शिक्षक. कुलूप नीट लागले की नाही हे पाहण्यासाठी अर्ध्या जिन्यातून परत फिरण्याची मला सवय.

"मास्तर, कुलूपबी कटाळनं व्हई," असे म्हणून त्या मला शेजारी बसवत. "सांगा, चोर काय काय लई जाई?"

मी सांगू लागे : पुस्तके, जुना पंखा, छत्री.

"मंग तो बिचारा काहीतरी ठीसन जाई." म्हणजे दया येऊन चोरच उलट काही ठेवून जाणार.

त्यांचा एकुलता एक मुलगा भूषण हजीऱ्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. एका संध्याकाळी तिथे आग लागल्याची बातमी इमारतीत पसरली. भूषणचा फोन लागेना. आक्का फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. शेजारणींनी खुर्ची आणली. मीही, काहीसा चाचरत, त्यांचेच वाक्य त्यांना ऐकवले.

रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "नही मास्तर. बठी गवू ते चिंता सुरू व्हई."

मी खुर्ची मागे घेतली. त्या उभ्या होत्या तोवर त्यांच्या लेखी काहीच घडलेले नव्हते.

दिवे लागल्यावर भूषण रिक्षातून उतरला. आग पलीकडच्या भागात होती आणि त्याच्या फोनची बॅटरी संपली होती, इतकेच.

"मम्मी, आठे काबर उभी शेस?"

आक्कांनी त्याला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिले, त्याची बाही चिमटीत धरली, सोडली आणि खुर्चीकडे न पाहता त्या फाटकाच्या उंबऱ्यावर, धुळीतच बसल्या.

"तू जेवी ले," त्या म्हणाल्या. "आनि मनी साडी-कात्री आठे आनी दे. मी आते चिंता करस."

त्या दिवशी साडीची घडी व्हायला फार वेळ लागला.