बाबांचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुरूडला आईला फोनवर नाही. नमाजानंतर दुआ मागतो तेव्हासुद्धा या एका जागेवरून मी पटकन पुढे सरकतो. तुला का सांगतोय? ठाऊक नाही. तू ऐकतोयस, इतकंच असेल.

आधी बाबा कोण ते सांगतो. कुवेतमध्ये घरकामाला असलेले आम्ही सगळे मालकाला बाबाच म्हणतो. रुमैथियाच्या त्यांच्या घरी मी ड्रायव्हर म्हणून लागलो, त्याला एकोणीस वर्षं झाली. ड्रायव्हर आपला नावाला. बाबांची बंदूक पुसणं माझ्याकडे, काडतुसं भरणंही माझ्याकडे. दुकानातली काडतुसं त्यांना पसंत नसत. बंदुकीची दारू, तिच्यावर छर्रे धरून ठेवणारी प्लॅस्टिकची वाटी, वाटीत छर्रे, मग तोंड बंद — हे सगळं ते स्वतः करायचे. बोटं थरथरायला लागली तेव्हा त्यांनी ते मला शिकवलं. पोटच्या मुलांना नाही, मला! काय ऐट होती मला त्याची.

बाबांचा एक नियम होता. नवी काडतुसं भरली की पहिला बार कागदावर. वफ्राच्या शेतावर मी दोन खांबांना चादरीएवढा कागद बांधायचो. बाबा बार काढायचे. मी कागद सोडून त्यांच्यापुढे अंथरायचो, आणि ते चष्मा कपाळावर सरकवून एकेका भोकावरून बोट फिरवायचे. छर्रे कुठवर पसरतात ते डोक्यात पक्कं बसलं, की मगच पक्षी. आपला बार कुठवर पोचतो हे ज्याला माहीत नाही त्याने बंदुकीला हात लावू नये, असं ते म्हणायचे. मुलं कंटाळायची. मला ते आवडायचं.

मग बाबांचे नेम चुकायला लागले. होले, कबुतरासारखे ते पक्षी, समोरून उडून जायचे. मुलं हसायची — वाईट मनाने नाही, आपली चेष्टा. पण परतताना बाबा रुमैथिया येईपर्यंत गाडीत काचेकडे तोंड करून बसायचे. मला बघवेना.

बघवेना हे खरं आहे. पण अर्धंच. उरलेलं अर्धं हे, की बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारून किती तरी दिवस झाले होते, आणि मला ती हवी होती.

छर्रे लवकर फुटून लांबरुंद पसरतील अशीही काडतुसं भरता येतात. कशी, ते जाऊ दे. नेम थोडा इकडेतिकडे झाला तरी एखादा छर्रा पक्ष्याला लागतोच. तशी मी भरली. विचारलं नाही, सांगितलं नाही. पण कागदाचं काय करणार होतो?

बाबांनी बार काढला. मी कागदापाशी गेलो. भोकं मधे कमी, कडेला जास्त. काही तर पार काठाला. बाबांनी तो पाहिला असता तर सगळी काडतुसं फेकायला लावली असती. मी तो कागद घडी करून सदऱ्यात कोंबला आणि आधीच्या खेपेचा, गाडीत पडलेला जुना कागद नेऊन त्यांच्यापुढे अंथरला. त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं. ठीक आहे म्हणाले.

त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला, आणि मी त्यांना खोटा कागद वाचायला दिला. झालं. बोललो.

पुढचे तीन शुक्रवार होले पडत होते. बाबा खूश. थापही मिळाली.

चौथ्या शुक्रवारी याकूबभाई, आमचा स्वयंपाकी, श्रीवर्धनचा, बोरीच्या झाडाशी सरपण वेचत होता. होला उठला. बाबांनी आधी याकूबभाईकडे पाहिलं. मी शेजारीच होतो, मला दिसलं. तो कुठे उभा आहे ते त्यांनी डोळ्याने मोजलं, आणि मगच बार काढला. त्यांच्या डोक्यातल्या कागदाप्रमाणे याकूबभाई चांगला हातभर बाहेर होता. माझ्या कागदाप्रमाणे नव्हता.

गालात दोन छर्रे, कानाची पाळी फाटली. डोळा बोटभर अंतराने वाचला. दवाखान्यात टाके पडले. महिनाभरात याकूबभाई परत चुलीपाशी उभा, कान दाखवून लोकांना हसवतोय. त्याचं निभावलं.

बाबांचं नाही. दवाखान्याबाहेर गाडीत बसून त्यांनी मला एकच विचारलं. "मी त्याला पाहिलं होतं. मग लागलं कसं?"

एवढं सोपं विचारलं होतं. उत्तर माझ्या तोंडात होतं. मी म्हणालो, "हात हलला, बाबा."

इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होईल, मला परत पाठवतील, ही भीती होतीच. ती वर्षभरात गेली. तरी मी गप्प. का? विचारू नकोस, मलाही सापडत नाही. एखादा दात दुखून दुखून बधिर होतो ना, तसं झालंय.

बंदूक मुलांनी लांब नेऊन ठेवली, बाबांनी हूं की चूं केलं नाही. मग कधीमधी स्वतः गाडी चालवायचे, तेही सोडलं. मग दिवाणियात, घरच्या बैठकीच्या दालनात, पाहुण्यांना कॉफीचा गहवा ओतणं सोडलं — सांडलं तर, म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, थरथर किरकोळ आहे, सगळं करू शकता. बाबा नुसते हसले. डॉक्टरांना काय माहीत, त्यांच्या हाताने माणूस पडता पडता राहिला होता! आता त्यांची दाढीही मीच करतो. ते मान वर करून डोळे मिटून बसतात. वस्तरा फिरवताना त्यांचा गळा माझ्या बोटाखाली असतो, आणि मी बोलत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीला मुलगा झाला. या घरातलं पहिलं पणतवंड. ती बाळाला घेऊन आली, बाबांच्या मांडीवर ठेवायला वाकली. बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. ती म्हणाली, घ्या ना. ते मान हलवत राहिले. डोळे बाळावर, हात खाली. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मला हनुवटीने बोलावलं.

"याच्याकडे दे," ते म्हणाले. "याचा हात हलत नाही."

तिने बाळ माझ्याकडे दिलं. मी ते घेतलं, आणि बाबांना नीट दिसावं म्हणून त्यांच्यासमोर धरून उभा राहिलो.