ऐंशीवरची थरथर

आमच्या ह्यायले, म्हणजे शेषरावले, घरातली कोणतीबी वस्तू बंद पडलेली चालते, पण ती काऊन बंद पडली हे समजलं नाही त चालत नाही. मोटारपंप जळला का आधी स्वतः खोलून पाहतीन, मंग मिस्त्रीले बलावतीन. माह्या मिक्सरचं पोट तर इतक्यांदा फाडलं, का मी त्याचा नाद सोडून पाट्यावर ठेचा वाटायले बसले.

साऱ्या जल्मात ट्रॅक्टर चालवला, आन् यंदा पांढरी नवी गाडी दारात आली. आमच्या घरची रीत अशी, का बैल येवो का ट्रॅक्टर, नवं जे येईन ते पहिलं वावराले दाखवायचं. धुऱ्यावर, बांधाच्या लिंबाखाली, म्हसोबा हाय, त्याच्यापुढं नारळ फोडायचा, मंग दुसरं काम. गाडीलेबी तसंच नेलं. हरभऱ्याले आदल्या दिशी पाणी देल्लं होतं, काळी जमीन गच्च ओली. गाडी फसली. शेजारचा गोविंदा जीप चालवते, त्यानं आन् मी मागून ढकलली तवा कुठं निंगाली. घरी आणून मी पाइपानं धुतली, फडक्यानं पुसली, आरशावानी केली.

चार दिवसानं वावर वाळलं-सुकलं आन् आमी शेगावले दर्शनाले निंगालो. गुळगुळीत रस्ता लागला, ह्यायनं ऐंशीवर नेली, आन् एकदम चेहरा बदलला.

"शालू, तुले काही लागते काय?"

"काय लागाव?"

"थरथर. स्टेअरिंगमधी."

मले काहीच समजत नव्हतं. साठवर आणली का थरथर जाय, ऐंशीवर नेली का येय. हे महाराजांपुढं हात जोडून उभे होते, पण ध्यान सारं त्या थरथरीत.

शोरूमच्या माणसानं बाजाराच्या गर्दीत एक चक्कर मारली आन् सारं बराबर हाय म्हणून हातात चाबी ठेवली. गर्दीत काय ऐंशी होते? मंग ह्यायचं सुरू झालं. गाडीत समोर पाण्याचा गिलास ठेवला, ज्वारीचे दाणे ठेवले. पाणी हाललं, पण ते त खड्ड्यानंबी हालते. हवा मोजली, कमी केली, जास्त केली. मले मागं बसवून अनवाणी पाय टेकवायले लावले, का सांग कोणत्या कोपऱ्यातून येते. मी काय वैद्य हाव काय? पण खरं सांगू, मलेबी गोडी लागली. रस्त्यानं जाता-येता मी डोळे मिटून बसू लागले.

एक दिवस गोविंदा म्हणे, "शेषरावभाऊ, मले चालवू द्या बरं. दुसऱ्याच्या हाताले लागते का नाही, तेवढं त समजून जाईन."

सीधी गोष्ट होती. पण हे म्हणाले, "नको. माही गाडी मीच चालवीन." आन् उठून गोठ्यात गेले.

 ज्या माणसानं कोणतं झाकण उघडायचं सोडलं नाही, तो हे एवढं काऊन टाळते? माह्या सासऱ्याचे हात शेवटी शेवटी इतके कापत, का घास तोंडापर्यंत जात नसे. हेच भरवत त्यायले. ट्रॅक्टरवर सारंच हालते, तिथं हाताचं हालणं कोणाले दिसते? हे गाडीतली थरथर शोधत नव्हते, ती गाडीतच सापडो म्हणून धावा करत होते. आन् मी तरी कोणती सच्ची? दिवाळीपासून ह्यायच्या चहाचा कप मी अर्धाच भरत होते, भरलेला बशीत सांडते म्हणून. कोणाले बोलले नव्हते, पोरीलेबी नाही.

दुसऱ्या दिशी सकाळी अंगण झाडताना गाडीखालून एक ढेपूळ निंगालं. काळं, वाळून विटेवानी झालेलं, आन् एका अंगानं गोल. वावरातली माती अंगणात कशी? मी ते ह्यायच्या हातात देल्लं. ह्यायनं ते फिरवून पाह्यलं, आन् चहा तसाच सोडून जॅक काढला. समोरचं चाक खोललं त आतल्या बाजूनं रिंगेत एकाच जागी मातीचा थर बसलेला. मी बाहेरून चमकवली, आतून कोण पाहते?

"एका बाजूले जड झालं," हे म्हणाले. "हळू चाललं त समजत नाही, जोरात फिरलं का झटके देते. थ्रेशरच्या पुलीले होते तसंच." आन् खिळ्यानं माती खरडताना गाणं गुणगुणत होते.

तसेच रस्त्याले लागलो. साठ, सत्तर, ऐंशी. स्टेअरिंग गप. हे मोठ्यानं हासले, मीबी हासले. मंग हासता हासता ह्यायनं गाडी बाजूले घेतली आन् बंद केली. दोन्ही हात स्टेअरिंगवरच होते. गाडी निपचित उभी, आन् डाव्या हाताचा अंगठा एकटाच हालत होता. आमी दोघंबी त्याच्याकडं पाहत राह्यलो.

"गाडीचं सापडलं," हे म्हणाले.

मी माहा हात ह्यायच्या हातावर ठेवला.

"तू कप अर्धा काऊन भरते, तेबी मले माहीत हाय. दिवाळीपासून."

मले रडू फुटलं. हे म्हणे, "रडू नको. हे काऊन होते, ते त पाह्यलं पाहिजेन ना? डॉक्टरपुढं तू बोलू नको, मले इचारू दे." शेगावचा फाटा गेला, आन् ह्यायनं गाडी अकोल्याच्या रस्त्याले घातली. तिथं नसांचे डॉक्टर हायत. साऱ्या रस्त्यानं हे मले इचारत होते, का हात कामाले लावला का थांबते, नुसता ठेवला का हालते, असं काऊन?

गोळ्या चालू हायत. कप आता मी काठोकाठ भरते. सांडला त बशीतला पेतेत.