एकोणीस घरचं कुंकू

बेचाळीस वर्षांपूर्वी तारामतीने भाकऱ्या थापता थापता सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं होतं. घरात दोनच खोल्या, मध्ये पडदा. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान कुठे काढून ठेवणार?

"घर सुनेच्या नावावर?" सासरे भगवंतराव ओरडले. "मग मुलाच्या हातात काय देऊ, टाळ?"

"टाळ द्याल तर तेही विकून येईल," सासू म्हणाली. "मागच्या महिन्यात सायकल गेली पत्त्यांत."

तीन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी नारायणगुड्याच्या गल्लीतलं ते चाळीस चौरस गजांचं घर तारामतीच्या नावावर झालं. तिला त्यातलं काही कळलं नाही. भाकरी करपू नये, एवढंच तेव्हा कळत होतं.

पुढे नवरा गेला आणि ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सरकारी शाळेत आया म्हणून लागली. सकाळी माठ भरायचा, घंटा द्यायची, पोरांची नाकं पुसायची. वय झालं तसं नाव शाळेच्या हजेरीतून निघालं, पण जागेवर दुसरं कोणी आलंच नाही. म्हणून उघडणं-झाडणं तिच्याचकडे राहिलं. तीस वर्षांत गुडघे झिजले, शाळेचं छप्पर झिजलं. दोन्हीकडे कोणी बघितलं नाही.

यंदा वरून पत्र आलं. छप्पर धड नाही, दुसरी टीचर नाही. तेव्हा शाळा बंद करून मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिळवायची. एकतीस पोरं, त्यातली निम्मी कंबरेएवढी, आणि मेट्रोच्या खांबांखालून तो रस्ता! शाळेची एकुलती प्रियदर्शिनी टीचर दहादा शिक्षण खात्याच्या ऑफिसला जाऊन आली. शेवटी ठरलं की कॉलनीने छप्पर घालून दिलं, तर शाळा राहील. कॉलनीचा संघ घरटी गजामागे पट्टी घेतोच, दिवाबत्तीसाठी. ती थोडी वाढवायची. रविवारी मत घ्यायचं.

तारामती शुक्रवारी घरोघर गेली. आपलं सोडून पंचवीस घरं, पंचवीस जिने. एकनाथराव संघाचे अध्यक्ष. त्यांची बायको शैला. तिने पाट दिला, चहा दिला, कुंकू लावलं; नवरा गेला म्हणून आक्काचं कुंकू या गल्लीत कोणी चुकवत नसे.

"आक्का, हे काय विचारणं झालं? माझी दोन्ही पोरं तुमच्याच घंटेवर मोठी झाली. आमच्या घराचं मत तुमचंच."

सगळीकडे असंच. संध्याकाळी तिच्या कपाळावर कुंकवाचा थर होता. "एकोणीस घरं आपली," ती टीचरला म्हणाली. "छप्परवाल्याला सांगून ठेव."

"लिहून घेतलं का आक्का?"

"कुंकू लावून पाठवलंय. आता आणि काय लिहायचं?"

रविवारी शाळेतच सभा भरली. बायका मागच्या बाकांवर बसल्या. एकनाथरावांनी वही उघडली. "घराच्या कागदावर ज्याचं नाव, त्यानेच हात वर करायचा. नियम आहे."

तारामतीने मागे वळून पाहिलं. एकोणीस बायका. कोणी पदर सारखा करत होती, कोणी छपराकडे बघत होती. पुढे छपरासाठी पुरुषांचे सात हात वर झाले. आठवा तिचा.

"आक्का, तुम्ही कायकू? कागदावरचं नाव लागतं."

"माझंच आहे. बघा."

एकनाथरावांनी पानं उलटली. "हौ. आहे." गळ्यातलं उपरणं त्यांनी उगीचच झटकलं.

"आक्काचं काय, चाळीस गज!" पुढून कोणी म्हणालं. "आमचे तीनशे आहेत. आमची पोरं तिथं शिकत पण नाहीत."

"तुम्ही शिकलात की," तारामती म्हणाली. "चड्डी ओली झाली की मीच बदलत होते."

सभा हसली. पण हसून हात वर होत नाहीत. आठ विरुद्ध अठरा.

सभा उठल्यावर शैला दाराशी थांबली. "आक्का, रागावलात?"

"रागवायलाही अंगात काही लागतं गं. पाय दुखताहेत, घरी जाते." चार पावलं जाऊन ती थांबली. "चूक माझीच. कुंकू लावणारी बघितली, दारावरची पाटी बघितली नाही."

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी पोरं गेली. टीचर डोळे पुसत गेली. शाळेची किल्ली शैलाच्या दाराच्या खिळ्याला असायची, फाटकाला तेच घर जवळचं म्हणून; ऑफिसचा माणूस सकाळी येऊन तिथूनच नेणार होता. तारामतीने वर्ग झाडले. माठ विसळला आणि सवयीने उद्याचं पाणी भरलं. भरून झाल्यावर लक्षात आलं. ओतून टाकायला परत वाकावं लागलं असतं. राहू दिलं, वर झाकण ठेवलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि नेहमीसारखी आतल्या बाजूला हाक दिली, "शैला, ठेवली गं."