नानांचे पाहुणे

सांडपाण्याच्या प्लँटवर नोकरी करते म्हटलं की लोक आधी नाकाला रुमाल लावतात आणि मग खुर्ची जवळ ओढून विचारतात, "मग? नवीन काय?" शिरपूरजवळच्या आमच्या छोट्या प्लँटवर गाळ तरी काढता येतो, किस्से मात्र साचतच जातात!

मी तिथली केमिस्ट. पहिल्याच महिन्यात पाणी शुद्ध करणारे टाकीतले जिवाणू मेले. आमच्या भाषेत त्यांना कल्चर म्हणतात. मी वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं, "प्लँटवरचे कल्चर संपले आहे, तातडीने पाठवावे." आठ दिवसांनी टेम्पो आला. मी धावतच गेले. आतून उतरले तबला, पेटी आणि तीन गायक! पत्र सांस्कृतिक कार्यक्रमांच्या टेबलावर गेलं होतं. शेवटी आमच्या ऑपरेटर नानांनी घरच्या गोठ्यातलं शेण कालवून टाकीत ओतलं, तेव्हा कुठे कल्चर परत आलं.

*

बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना तपासणीला जायचा. रिपोर्ट इतके झकास यायचे की मी फुशारून गेले होते. एकदा सहज बाटलीचं बूच उघडलं, तर आत वाळ्याचा वास!

"साहेब, हा नमुना घेतला कुठून?"

प्लँटचे साहेब निर्विकारपणे म्हणाले, "माठातून. वरून सांगितलंय ना, चांगला नमुना पाठवा म्हणून!"

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना.

*

लाइट गेली की मशिनं बंद पडतात, टाकी तुंबते आणि साहेब बायपासचं गेट उघडायला लावतात. सगळी घाण आहे तशी तापीत! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी धावतच साहेबांकडे गेले.

साहेब शांत. "पुढे समुद्रच आहे ना मॅडम! एवढ्याशा पाण्याने त्याला काय होतंय?"

गेटचं चाक फिरवता फिरवता नाना म्हणाले, "साहेब, समुद्र नंतर. पहिले मनी पोर शे."

त्यांची लेक सुनंदा नदीच्या खालच्या अंगाला दिलेली. त्या गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर नदीपात्रातच आहे. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी वर तीन पत्रं लिहिली. या वेळी तबलासुद्धा आला नाही.

*

गेट उघडलं की नाना प्लँटचा मोबाइल घेऊन कडुनिंबाखाली जायचे आणि लेकीच्या घरी फोन लावायचे. "पाव्हना निंघनात!" एवढंच बोलून फोन ठेवायचे. मला वाटायचं, माणसाचा गोतावळा तरी केवढा!

एकदा मी चिडवलंच, "नाना, तुमच्या लेकीकडे पाहुणे फार बाई!"

नाना मान खाली घालून म्हणाले, "बिनबोलावेल शेतस, मॅडम."

*

हिवाळ्यात सुनंदाने मला भरीत खायला बोलावलं. नाना त्या दिवशी सुट्टीवर होते. निघताना मी प्लँटच्या मोबाइलवरून तिला फोन लावला. उचलला तिच्या सासऱ्यांनी. मी हसत म्हटलं, "आबा, पाहुणे निघाले बरं का!"

पलीकडून फोन धाडकन बंद. मला जरा रागच आला.

गावात शिरले आणि जागीच थिजले. देवळाच्या भोंग्यावरून आबा ओरडत होते, "पाव्हना निंघनात! घंटाभरमा विहीरनी मोटार बंद होई! बठ्ठासनी पानी भरी ल्या!" बाया हंडे घेऊन पळत होत्या, म्हातारे बादल्या ओढत होते. एकीने तर पिठाचा डबा रिकामा करून नळाखाली लावला होता.

नानांचे पाहुणे कोण, ते मला तिथे, रस्त्याच्या मधोमध कळलं. आपण काय करून बसलो, तेही कळलं. शरमेने मान वर होईना.

सुनंदाचा पदर पाण्याने भिजलेला होता. तिने मला खाटेवर बसवलं आणि काठोकाठ भरलेला तांब्या पुढे केला.

"प्या मॅडम, बिनधास्त! पाव्हना येवाना पहिलेच भरेल शे."