शेपूट उचललं तेव्हा

ज्या इंजिनात काहीच बिघडलं नव्हतं, ते गेलं म्हणून मी सांगितलं. चुकून नव्हे, जाणूनबुजून. आणि ज्याला सांगितलं त्यानं माझ्या शब्दावर असा विश्वास ठेवला की दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही.

तो माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वारंगा फाट्यावर माझं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आणि रस्त्यापलीकडं त्याची शेड. हळद शिजवायचे कुकर बनवता बनवता त्यानं विमान बांधायला घेतलं होतं. एका माणसाचं, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं, पंखांवर कापड ताणलेलं. इंजिन भंगारात निघालेल्या एका परदेशी गाडीचं, रोटरी. त्यात पिस्टन नसतो, तिकोणी रोटर गरगर फिरतो.

"उडंल का?" असं कुणी विचारलं की तो हाताची पालथी बाजू इंजिनाला लावायचा. "उडायचं मागून बघू. आधी न तापता उभं तर ऱ्हाऊ द्या."

जीपमधून उतरलेली माणसं माझ्याच दुकानात यायची. "विमानवाले कुठं ऱ्हातेत?" ऐन उन्हाळ्यात उकळलेले ट्रक मी मार्गी लावतो, पण रेडिएटरशेजारी उभं राहून कुणी फोटो काढलेला तुम्ही पाहिलाय? दोनदा तर मी लोकांना उलट्या रस्त्याला लावून दिलं.

घरी बायको म्हणायची, "धाकट्या पाव्हण्यानं इमान केलं. तुमी न्हाणीच्या दाराला कडी तरी बसवा."

त्याला गर्व असता तर माझं सोपं झालं असतं. तो येईल त्याला विमानात बसवायचा. लोक चढण्याआधी चपला काढायचे. "काहून? देऊळ न्हाई ते," म्हणून तो हसायचा. एकदा मेंढरं राखणारी एक म्हातारी आत बसली आणि तिनं विचारलं, "वरून माझी मेंढरं दिसतील का रं?"

"दिसतील काय मावशी, मोजता येतील."

म्हातारी कितीतरी वेळ उतरलीच नाही. मी दारात उभा राहून हे ऐकलं आणि परत फिरलो.

मग इंजिनाची तकलीफ सुरू झाली. थोडा वेळ चाललं की कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, प्रेशर चढायचं आणि हिरवं पाणी बाहेरच्या नळीतून भसाभसा जमिनीवर यायचं. तो माझ्याकडं आला. "साडूभाऊ, ह्यात तुमचा हात धरणारा कोणी न्हाई. जरा बघता का?"

अशा वेळी दोन शक्यता असतात. एक तर आतलं रबरी सील फाटून जळालेला गॅस पाण्यात शिरतो. त्याला अख्खं इंजिन उघडावं लागतं. नाहीतर पाण्यात कुठं तरी हवा अडकते. तिला फक्त वाट द्यावी लागते.

तो चहा सांगायला गेला. इंजिन थंडच होतं. मी पाण्याचं झाकण काढून बघितलं आणि लक्षात आलं, की विमान शेपटीवर टेकून उभं आहे, नाक वर आहे. म्हणजे इंजिनाचा पुढचा भाग झाकणापेक्षा उंच, आणि हवा तिथंच अडकलेली. मी शेपूट उचलून एका रिकाम्या पिंपावर ठेवलं. गुडगुड करत बुडबुडे आले आणि पाणी लोटाभर खाली गेलं. तेवढं भरलं असतं तर काम संपलं असतं.

मी शेपूट खाली ठेवलं आणि झाकण लावून टाकलं.

तो आल्यावर इंजिन चालू केलं. प्रेशर चढलं, पाणी बाहेर आलं. "सील गेलं," मी म्हणालो. "खोलावं लागंल."

त्यानं सगळं खोललं. सील घेऊन दुकानात आला. "हे तर चांगलं दिसून राहिलं, साडूभाऊ."

"थंडपणी चांगलंच दिसतं. तापल्यावर सोडतं."

"बराबर," तो म्हणाला.

एकदा काढलेलं सील पुन्हा बसवता येत नाही आणि नवं काही केल्या मिळेना. विमानावर ताडपत्री आली. रस्ता विचारणारे बंद झाले. सुरुवातीला मला बरं वाटलं. नंतर शेडकडं बघवेना. तरी मी गप्पच राहिलो. शेवटी त्यानं ते इंजिन एका भंगारवाल्याला द्यायचं कबूल केलं.

त्याच आठवड्यात आम्हा दोघा जावयांना गोरेगावला सासुरवाडीत अधिक महिन्याचं धोंड्याचं जेवण होतं. पाटावर शेजारी शेजारी बसलो. सासरे त्याला म्हणाले, "थोरल्या पाव्हण्यांकडून शिका. एकच धंदा धरला, घट्ट. हवेत न्हाई गेले."

ह्याच कौतुकासाठी मी जळत आलो होतो. आणि साडू मान डोलावून म्हणाला, "खरं हाय, मामा. ह्यांनी सांगितलं म्हून कळलं. न्हाईतर मी अजून त्या इंजिनाला पाणीच पाजत बसलो असतो."

मी हातातला घास ताटात ठेवला. "सील गेलं नव्हतं," मी म्हणालो.

सगळ्यांचे हात थांबले.

"तू चहा सांगायला गेला तवा मी शेपूट उचललं. हवा निघाली. मला तवाच कळलं होतं."

बायको माझ्याकडं बघत राहिली. त्यानं मात्र डोळे बारीक केले. "कितीक उचललं होतं?"

मी उठलो आणि उष्टा हात कमरेशी धरला. "इतकं."

त्यानं त्या हाताकडं नीट बघितलं, मान हलवली. मग ताट सरकवून उठला आणि अंगणात गेला. सासूबाई हाका मारत होत्या, त्यानं वळून बघितलं नाही. मी मागोमाग गेलो.

"काहून?" पाठमोऱ्यानंच त्यानं विचारलं.

"सगळे तुझंच नाव घ्यायचे. मला सोसलं न्हाई. तू माझ्यावर भरोसा टाकला आन् मी तुझं इमान पाडलं. चुकलो मी. माफ कर मला, भाऊ."