आवडीचा एक, नावडीचा एक

मंदाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पंखा पुसायला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा होतो आणि बायको खाली शिडी धरून होती. मला उंचीची भीती वाटते हे आमच्या घरात कोणापासून लपलेलं नाही. बल्ब बदलायचा असला तरी एक माणूस शिडी धरायला लागतो आणि एक मला धीर द्यायला. फोन काकूच्या मुलाचा, निलेशचा होता. "दादा, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मी म्हणालो, "बरं." काय बरं होतं त्यात, देव जाणे... सुनीता खालून म्हणाली, "उतरा ना आता," आणि मला उतरताच येईना. शेवटी तिनं माझा पाय हातानं धरून एकेक पायरी खाली ठेवला, लहान पोराचा ठेवतात तसा. रडू यायला हवं होतं, पण आलं हसू. कारण ही फजिती ज्या एका बाईला सांगायला मी लगेच स्कूटर काढली असती, ती धंतोलीच्या दवाखान्यात तोंडावरून चादर घेऊन पडली होती.

मंदाकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको, माहेर रामटेकचं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो. त्याच हिवाळ्यात काकानं घरातल्या सगळ्या पोरांना प्रदर्शन दाखवायला नेलं आणि सोबत नवी काकू निघाली, नवी साडी आणि हातभर बांगड्यांसकट. तिथं आकाशपाळणा होता. बाकीची पोरं तिकिटाच्या खिडकीशी ढकलाढकली करत होती आणि मी काकाच्या पायजम्याला लोंबकळत होतो. काकू माझ्यासमोर उकिडवी बसली.

"काहून गा पम्या, तुले नाही बसायचं?"

"मले भेव लागते."

"सगळ्यात जास्त कायचं?"

मी बोटानं आकाशपाळणा दाखवला.

"आणि आवडते कोणता?"

मी टोराटोरा म्हणालो. तो गोल गरगरतो पण जमिनीपासून फार वर जात नाही म्हणून आवडायचा, पण ते सांगितलं नाही. काकूनं तिथल्या तिथं कायदा केला. प्रत्येकानं आवडीचा एक आणि नावडीचा एक, असे दोन पाळणे घ्यायचे. आवडीच्यात एकट्यानं बसलं तरी चालेल. नावडीच्यात एकट्यानं बसायचं नाही, आणि सोबत कोण बसेल ते बसणाऱ्यानं ठरवायचं, दुसऱ्यानं नाही. "ज्याचं भेव त्याची मर्जी," असं ती म्हणाली.

कायदा करताना एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नसावी. आम्हां सगळ्या पोरांनी एकापाठोपाठ एक तिचंच नाव घेतलं. मग काय, कोणाच्या आकाशपाळण्यात, कोणाच्या झुलत्या जहाजात, कोणाच्या गरगरणाऱ्या कपबशीत, अशी ती नवी नवरी त्या संध्याकाळी घिरट्या घेत राहिली. काका खाली सगळ्यांच्या चपला सांभाळत बाकावर बसला होता आणि दर फेरीला ओरडायचा, "अवं, पुरे कर ना आता! चक्कर यीन." ती वरून हात हलवायची.

माझी पाळी आली. पाळणा वर गेला, आणि आमची पेटी अगदी टोकावर असताना खाली माणसं भरायला थांबला. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. काकूनं माझा हात मांडीवर घेतला. भिऊ नको वगैरे ती काही म्हणाली नाही. म्हणाली, "पम्या, काय काय दिसते ते सांग मले."

आता डोळे उघडणं तर शक्य नव्हतं आणि नव्या काकूला नाही म्हणणंही बरं दिसेना. मी सांगायला लागलो. अंबाझरी तलावाचं पाणी दिसते... सीताबर्डीचा किल्ला दिसते... रेल्वे चालली आहे, एवढीशी, काडेपेटीसारखी. सांगता सांगता मला चेव चढला. म्हटलं, काकू, रामटेकचा गड दिसते!

"बाप्पा! आमचा गड?"

"हाव."

"देऊळ दिसते?"

"देऊळही दिसते. झेंडा हालून राहिला."

काकूनं लांब श्वास घेतला. पाळणा खाली आला तेव्हा मी जिवंत होतो, आणि काकूचे डोळे भरून आले होते. माहेर सोडून तिला तेव्हा दोनतीनच महिने झाले असतील.

त्या गडानं पुढं माझा पिच्छा सोडला नाही. रामटेकला गेली की काकू सांगायची, नागपूरच्या आकाशपाळण्यातून आपला गड दिसते. तिचा भाऊ हसायचा. मग ती ठासून म्हणायची, "आमच्या पम्यानं पाहिला आहे." नियतीची थट्टा बघा, मी मोठा होऊन भूगोलाचा मास्तर झालो. नागपूर ते रामटेक अंतर जवळजवळ पन्नास किलोमीटर, मध्ये काय काय येतं, हे मी मुलांना नकाशावर दाखवायचो. आणि दर लग्नकार्यात काकू पाहुण्यांसमोर मला उभं करायची, "हा भूगोल शिकवते. लहानपणीच याची नजर पाहा!" मी खाली पाहून मठ्ठ्याचा घोट घ्यायचो.

पाळण्याची रांग लांब असली की तिचा दुसरा खेळ सुरू व्हायचा, कार्टूनांचा. टीव्हीवरची कार्टूनं ती पोरांइतकीच मन लावून पाहायची, पण त्यांची खरी नावं तिला कधीच आली नाहीत. तिनं आपली ठेवली होती. झाडावरून उडायला जाणारा, दर वेळी आपटणारा आणि उठून "या वेळी जमतच आलं होतं" म्हणणारा एक निळा पाणघोडा होता, त्याला ती शंकरराव म्हणायची. तो तिचा सगळ्यात लाडका. जरा ढग गडगडला की पलंगाखाली शिरणारा एक ससा होता. तो मला अजिबात आवडायचा नाही.

"आवडणारच नाही," काकू म्हणाली. "पम्या, आवडते ते कार्टून म्हणजे आपल्याले जसं व्हायचं असते तसं. आणि आवडत नाही ते म्हणजे आपण. आरसा कोणाले आवडते गा?"

रांगेतली सगळी पोरं माझ्याकडे पाहून ससा, ससा करून नाचली. मी चिडून विचारलं, तुले कोणतं नाही आवडत ते सांग मंग. ती म्हणाली, "ते बदक." एक बदकीण होती, घर जळो, पूर येवो, पंख मोडो, हसून "मी मजेत" म्हणायची. काकूनं तिचं नाव मजेतबाई ठेवलं होतं. मजेतबाई आली की काकू उठून चहा टाकायला जायची. मी म्हटलं, पण तू तर तशी नाही काकू. ती हसली आणि रांग पुढं सरकली.

वर्षं गेली. प्रदर्शनाच्या मैदानाऐवजी आम्ही शहराबाहेरच्या मोठ्या पार्कात जायला लागलो. आम्ही पोरं बाप झालो, आमची पोरं रांगेत उभी राहिली, पण कायदा तोच. नवी पोरंही नावडीच्या पाळण्यासाठी तिचंच नाव घ्यायची, आणि खरं सांगायचं तर मीही चाळिशी ओलांडून घ्यायचो. काका गेला त्या वर्षी वाटलं, ती यायची नाही. ती आली. चपला सांभाळायला आता खाली कोणी नव्हतं, तर सगळ्यांच्या चपला एका पिशवीत कोंबून ती पिशवी गळ्यात अडकवून आकाशपाळण्यात बसली. खाली उभं राहून मी पाहत होतो. पांढरे केस उडून राहिलेले, छातीवर चपलांची पिशवी, दोन्ही बाजूंना दोन किंचाळणारी पोरं, आणि मधे ही बाई देवळात बसल्यासारखी शांत. मी आयुष्यात डोंगर पाहिले, समुद्र पाहिला, शाळेची सहल नेऊन मुलांना धबधबेही दाखवले. पण तोंडाचा आ व्हावा असं मी त्या दिवशी पाहिलं...

तिला स्वतःला नावडता पाळणा नव्हताच. कायद्यापुरतं ती लहान पोरांच्या झुकझुक गाडीचं नाव घ्यायची. "गोल फिरून तिथंच येते. त्यात काय जीव रमते?" असं म्हणत हनुवटीला गुडघे लावून त्या अळीच्या आकाराच्या डब्यात बसायची आणि घरातलं सगळ्यात लहान पोर सोबतीला मागायची. आम्ही टाळ्या वाजवायचो.

गेल्या थंडीत तिला दम लागायला लागला. हृदयातली एक झडप बदलावी लागेल, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. तब्येत पाहता जोखीम होती, आणि न करावं तर दिवस फार नव्हते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "काही नाही गा, मजेत आहे मी." माणसं निश्चिंत होऊन परत जायची. मीही जायचो.

ऑपरेशनच्या सकाळी पाचव्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे होतो. सिस्टर म्हणाल्या, आत नेईपर्यंत एकालाच थांबता येईल. निलेश साहजिकच पुढं झाला.

"तू नाही," काकू म्हणाली. "पम्या थांबन."

मला वाटलं, भुलीचं औषध आधीच दिलं की काय. म्हटलं, "काकू, मी? मले तर इंजेक्शन पाहूनच चक्कर येते."

"नावडीचा पाळणा आहे हा. संगं कोण बसन ते मी ठरवीन."

निलेशचं तोंड पडलं. मग तो हसला, आणि हसता हसता रडला. त्यानं तिचा चष्मा माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना घेऊन बाहेर गेला. खोलीत आम्ही दोघंच उरलो. ती बराच वेळ छताकडे पाहत होती.

"मजेतबाई मले काहून आवडत नाही, समजलं काय आता?"

मी तिचा चष्मा रुमालानं पुसायला लागलो.

"भेव लागून राहिलं गा पम्या. लय."

उण्यापुऱ्या चाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग ती म्हणाली, "खिडकीपाशी जाय. काय काय दिसते ते सांग मले."

ती खिडकी थेट गुडघ्यापासून सुरू होत होती, आणि खाली सरळ रस्ता. मी खिडकीपासून चार हात लांब उभा राहिलो आणि म्हणालो, "काकू, एक सांगू काय? पाळण्यात माझे डोळे मिटलेले राहत होते. मी कधीच काही पाहिलं नाही."

ती माझ्याकडे वळली. "सगळं मनचं सांगत होता?"

"हाव."

"गड?"

"गडही."

ती अशी हसली, अशी हसली की मॉनिटर वाजायला लागला आणि सिस्टर धावत आल्या. डोळे पुसत काकू म्हणाली, "अवं माय... मंग पाहिलं कोणी? माझेही डोळे बंदच राहत होते!"

सिस्टर आम्हां दोघांना दटावून गेल्या. मी खुर्चीत बसलो. म्हणजे ते हात हलवणं, ती देवळात बसल्यासारखी शांत मुद्रा... प्रत्येक फेरीला, प्रत्येक पोरासोबत, इतकी वर्षं, ही बाई भीत होती. आणि पाळणा खाली आला की पुढच्या पोराला विचारत होती, चाल, तुले कोणत्यात बसायचं आहे?

"आता तरी पाहा," ती म्हणाली.

मी उठलो. खिडकीच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं आणि मी खाली पाहिलं. सांगायला लागलो. संत्र्याच्या रसाची गाडी आहे, काकू, संत्र्यांचा ढीग लावला आहे. एक माणूस एक्सरेचं पाकीट डोक्यावर धरून चालला आहे, उन्हासाठी. फाटकाशी गावाकडची एक बाई वळकटी उशाशी घेऊन बसली आहे, लेकीची वेणी घालून राहिली. ऑटोखाली कुत्रं झोपलं आहे, ऑटोवाला त्याले उठवत नाही, बाजूले उभा राहून बिडी पिऊन राहिला... ती डोळे मिटून ऐकत होती. श्वास हळूहळू संथ झाला.

"आणि गड?"

मी मान उंच करून पाहिलं. यावेळी मनचं सांगायचं नव्हतं.

"नाही दिसत काकू. समोरच्या इमारतीची टाकी आडवी आली."

"मंग टाकीच्या मागं असन," ती म्हणाली.

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. तिला उचलून त्यावर घेतलं. दारातून नेताना ती म्हणाली, "थांबू नको, सांग." मी खिडकीपासून वळलो नाही. ऑटोवाल्याची बिडी संपली... बाईची वेणी घालून झाली... कॉरिडॉरमधून चाकांचा आवाज जात राहिला आणि मी सांगत राहिलो. लिफ्टचं दार लागल्यावरही काही वेळ सांगत होतो.

ऑपरेशन पार पडलं. आम्ही आळीपाळीनं दवाखान्यात थांबून ती शुद्धीवर यायची वाट पाहत राहिलो. ती आली नाही.

परवा सुनीताच्या औषधासाठी धंतोलीत गेलो होतो. त्या दवाखान्यासमोर स्कूटर आपोआपच हळू झाली. खालून मजले मोजत वर पाहिलं. पाचव्या मजल्यावरच्या त्या खिडकीत कोणीतरी उभं होतं. बाहेर पाहायचं, मग मान वळवून खोलीत कोणाला तरी काही सांगायचं, पुन्हा बाहेर पाहायचं. मागून हॉर्न वाजला. "ओ भाऊ, वर काय पाहून राहिले? काढा ना गाडी!" मी काढली. रसाच्या गाडीच्या पलीकडे, सावली सोडून, भर उन्हात लावली आणि हेल्मेट काढलं. माझ्या डोक्यावर आता एक केस नाही, ऊन पडलं की चमकतं... पाचव्या मजल्यावरूनही दिसत असेल. मी तिथंच उभा राहिलो.