एकाच ढिगात ठेवलेल्या दोन गारगोट्या

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर जात होती. त्या दोन वर्षांत मी कॉलेजात खनिजं ओळखायला शिकवताना त्यांचंच उदाहरण देत होते. भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी वीस-बावीस वर्षं गेली आहेत. दगडाची चकाकी, कठीणपणा, वजन आणि तो फुटतो कसा, हे तपासल्याशिवाय मी त्याचं नाव घेत नाही. हा माझा काटेकोरपणा फक्त दगडांपुरता होता, हे मला उशिरा कळलं.

आप्पांनी पारनेर तालुक्यात उभा जन्म विहिरी खोदल्या. आई गेल्यावर ते माझ्याकडे नगरला आले, ते एक पत्र्याची पेटी घेऊन. तिच्यात कपडे कमी आणि दगड जास्त. विहिरीत सुरुंग उडाला की काळ्या पाषाणातल्या एखाद्या पोकळीत स्फटिक सापडत. पहिला चमकणारा दगड मालकाच्या देवघरात जायचा आणि पुढचे खोदणाऱ्यांचे, असा तिकडे रिवाज. आप्पांनी त्यांच्या वाट्याचे जपून ठेवले होते.

आमचे विद्यार्थी हुशार असतात, पण भलत्याच ठिकाणी. सात नंबरचा नमुना म्हणजे कॅल्साइट, का, तर त्याचा कोपरा उडालाय. बारा नंबरवर शाईचा डाग आहे, म्हणजे स्टिल्बाइट. दगड कोणी बघतच नाही. म्हणून दरवर्षी परीक्षेआधी मी नमुने बदलते. एका रविवारी असाच एक ट्रे घरी आणला होता. आप्पांनी तो मांडीवर ओढला आणि एकेक दगड हातात घेऊन बाजूला ठेवायला सुरुवात केली.

कॅल्साइटवर त्यांनी चाकूचं टोक ओढलं. "ह्यो मऊ. रांगोळीवाला." स्टिल्बाइट तळहातावर तोलला, नखाने पापुद्रा काढला. "ह्यो हलका. पहार लागली की ह्येचा भुगा." मग दोन स्फटिक एकामागून एक गालाला लावून गारवा पाहिला, चाकू ओढून पाहिला, आणि दोन्ही एकाच ढिगात ठेवले. "ह्या गारगोट्या. ह्यांच्यावर चाकू चालत न्हाई."

त्या दोघींतली एक पांढरी होती आणि एक जांभळी. म्हणजे एक साधा क्वार्ट्झ, दुसरा ॲमेथिस्ट. खनिज एकच, रंग तेवढा वेगळा. नेमक्या याच जोडीवर माझी निम्मी पोरं आपटतात. आणि चौथी शिकलेल्या माझ्या बापाने रंगाकडे ढुंकूनही न बघता निकाल दिला होता. माझी छाती फुगली. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, पुढच्या वर्षीच्या वर्गातही सांगितलं. सहकाऱ्यांना चहा पिताना सांगितलं, त्यांनी विचारलेलं नसतानाही. विहिरीच्या तळाशी उजेड तो काय, तिथे माणूस हातानेच बघायला शिकतो, असं माझं स्पष्टीकरणही तयार होतं.

स्पष्टीकरणं माझ्याकडे सगळ्याचीच होती. आप्पांनी पारनेरची एसटी धरणं सोडलं, तेव्हा म्हटलं, गावात आता त्यांचं कोण उरलंय. चहा ओतताना ते कपाच्या कडेवर बोट ठेवायचे, तेव्हा म्हटलं, वय झालं. टीव्हीकडे पाठ करून बसायचे, तेव्हा म्हटलं, बातम्या काय, ऐकायच्याच असतात.

मग कॉलेजात प्रदर्शन ठरलं. आप्पांच्या पेटीत एक जांभळी गारगोटी होती. मी शाळेत जाऊ लागण्याआधी त्यांनी ती कुठल्याशा विहिरीतून माझ्यासाठी वर आणली होती. आम्ही दोघंही तिला 'जांभळी' म्हणायचो. त्या दिवशी ती प्रदर्शनात मांडायला न्यायची होती आणि मी निघायच्या घाईत होते. सकाळचे अकरा वाजलेले, ओसरीवर लख्ख ऊन. आप्पांनी पेटी चाचपली आणि एक दगड माझ्यापुढे धरला.

"घे तुझी जांभळी."

दगड पांढरा होता.

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते हसत नव्हते, हात पुढे धरून वाट बघत होते. मी पेटीतून जांभळी काढली आणि दोन्ही दगड त्यांच्या समोर ठेवले.

"आप्पा, यातली जांभळी कुठली?"

त्यांनी दोन्ही दगड चाचपले. तोलून पाहिले, गालाला लावले. फार वेळ गेला. इतका वेळ ते कुठल्याच दगडाला देत नसत.

"ही काय चेष्टा लावलीय सकाळी सकाळी?" ते चिडून म्हणाले आणि दोन्ही दगड खाली ठेवले. जमिनीवर ठेवताना आधी हाताने जमीन शोधली.

मला पहिल्यांदा त्यांचा राग आला. लाज त्यानंतर वाटली.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतंय की. तू उभी हायस त्ये दिसतंय."

"आप्पा."

"तू पयल्यांदा दगडांचं ताट आनलंस, तवाच कमी झालं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला लई कौतुक वाटलं हुतं. पोरांनाबी सांगत हुतीस. म्हनलं, कशाला मोडायचं?"

प्रदर्शनाला मी गेले नाही. त्याच दुपारी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बराच वेळ त्यांनी यंत्रातून तपासलं, मग दिवा बंद करून म्हणाल्या, काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यात गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरीच वाचली असती. आता थेंब टाकून उरलेली जमेल तेवढी राखायची.

मी मान डोलावत होते. चिठ्ठीवर थेंबांच्या वेळा लिहिता लिहिता त्यांनी आप्पांना विचारलं, "बाबा, घरी कोण असतं तुमच्याजवळ? कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

आप्पा खुर्चीत सावरून बसले.

"पोरगी असती की. कॉलेजात शिकिवती," ते म्हणाले. "लई बारीक नजर हाय तिची."